अकरा गाठी

जयाने सुतळीच्या गाठी दुसऱ्यांदा मोजल्या. या वेळी एकेक गाठ नखाने अडवत, हळू. अकराच भरल्या. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि दारात उभ्या असलेल्या भिकूकडे पाहिलं.

भिकू एसटीचा कंडक्टर. पौडच्या स्टँडवर गाडी लागली की गवताच्या पिशव्या खांद्यावर टाकून तो केंद्रापर्यंत चालत येई, चहा घेई आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत जाई. गेले चार महिने पिशव्या येत होत्या, पण त्या दुसऱ्या माणसांनी भरलेल्या. त्यांच्या तोंडाला पुठ्ठ्याची चिठ्ठी असे. सुतळीच्या गाठी कुणी मारत नव्हतं.

"कुठून घेतलीस ही?"

"जांभळावरनं."

"दिली कुणी?"

"ताई, जांभळाच्या थांब्यावर कवा मानूस उभं ऱ्हातं का? फांदीला टांगल्याली व्हती. डायवर म्हनला, भिकू, पिशवी. म्या खिडकीतनं हात घातला, काढली. सवयच ती." भिकूने टोपी काढून परत घातली. "गाडी वळणाम्होरं गेल्यावर माज्या ध्यानात आलं."

"काय?"

"आता तितं टांगनारं कुनी न्हाई, ह्ये."

पिशवीचं बूड ओलसर होतं. तिथे जयाचा हात थांबलेला पाहून भिकू म्हणाला, "दव असंल." मग चहा न घेताच गेला.

पौडच्या बाहेर, ओढ्यालगत, सरकारी चारा केंद्राची तीन खोल्यांची बैठी इमारत होती. डोंगरातलं गवत कोणत्या महिन्यात कापलं तर गुरांच्या अंगी लागतं, हे शोधायला केंद्र काढलेलं. डोंगरात चौदा तुकडे आखले होते. दर महिन्याला प्रत्येक तुकड्यातलं हातभर लांब, हातभर रुंद गवत कापून यायचं, आणि जया ते दळून, उकळून, जाळून त्यात तंतू किती ते काढायची. गवत आणायचे तिचे वडील, आबा. केंद्रात आधी ते लागले. इंटर झाल्यावर पुण्याहून परत येऊन मग ती.

आबांना अक्षर येत नव्हतं. म्हणून तुकड्याचा नंबर ते गाठींनी सांगत. पहिल्या तुकड्याला एक गाठ, चौदाव्याला चौदा. सुरुवातीला साहेबांनी चिठ्ठ्या करून दिल्या होत्या. पावसात चिठ्ठ्यांवरची शाई उतरली. गाठी जशाच्या तशा राहिल्या. लांबच्या तुकड्यांच्या पिशव्या आबा वाटेवरच्या थांब्याला, जांभळाच्या फांदीला टांगून पुढच्या डोंगराला लागत. गाडी येई, पिशवी काढून घेई. दुसऱ्या दिवशी रिकामी पिशवी, आत कोरी सुतळी घडी करून, त्याच फांदीला परत लागे. चार वर्षं हे असं चाललं. कुणी कुणाला हाक मारायची गरज पडली नाही.

भाद्रपदात आबा अकराव्या तुकड्याला गेले. धरणाच्या पाण्यात शिरलेली जमिनीची ती एक जीभ. पावसाळ्यात तीन बाजूंना पाणी, आणि चौथ्या बाजूला गुडघाभर चिखल. तिसऱ्या दिवशी लोकांना तिथे दगडाच्या फटीत रोवलेला त्यांचा विळा सापडला, आणि शेजारी घडी घातलेला पंचा. आबा सापडले नाहीत, आणि पिशवीही सापडली नाही.

जयाने सुतळी सोडवली नाही, गाठींच्या खालून कापली. गवत पांढऱ्या कागदावर ओतलं. बोटाएवढे तुकडे, पिवळट, एकसारखे. बुडख्याची माती लागलेला एकही तुकडा नव्हता. विळा जमिनीपासून चार बोटं वर चालला होता. आणि शेंडा एकही नव्हता.

कामाला लागली त्या पहिल्याच हिवाळ्यात तिच्या नखाखाली कुसळ शिरलं होतं. बोट पिकलं, डॉक्टरांनी चिरलं, पंधरा दिवस तिला चिमटा धरता आला नव्हता. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पिशवीतले कुसळांचे शेंडे खुडलेले असत. आबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. साहेब एकदा त्यांना म्हणाले, "कोंडिबा, शेंडा काढला तर नमुना पुरा होत नाही." आबा "व्हय साहेब" म्हणाले, आणि पुढच्या महिन्यातही शेंडे खुडलेलेच आले. शेवटी साहेबांनीच हार मानली. सगळ्याच पिशव्यांत शेंडे नाहीत, तर तुलनेपुरतं चालेल, असं त्यांनी रजिस्टरात लिहून टाकलं.

साहेब आतल्या खोलीतून आले, कागदावरचं गवत आणि शेजारची सुतळी बघून उभे राहिले. गाठी त्यांनीही मोजल्या. मग चष्मा काढून हातात धरला.

"मागे कुठेतरी राहिलेली पिशवी असेल, जया. त्यांनी तेव्हाच टांगलेली."

"गाडी जांभळाखाली रोज थांबते, साहेब. चार महिने कुणाला दिसली नाही?"

"मग एखाद्या गुराख्याला सापडली असेल. त्याने आणून लावली."

ते शक्य होतं. भाद्रपदात कापून आडोशाला पडलेलं गवत आणि मार्गशीर्षात उभं वाळलेलं गवत, तुकडे केल्यावर, शेंडे काढल्यावर, डोळ्यांना सारखंच दिसतं. पण तंतू लपत नाही. गवत जून होतं तसा तंतू महिन्या-महिन्याने चढत जातो, आणि ज्या दिवशी कापलं त्या दिवशी तिथेच थांबतो. अकराव्या तुकड्याचे चार वर्षांचे आकडे जयाला पाठ होते. भाद्रपदात शंभरात एकोणतीस, आश्विनात बत्तीस, कार्तिकात पस्तीस, मार्गशीर्षात अडतीस, पौषात चाळीस.

"एकोणतीस आले तर त्यांनी तेव्हाच कापलेलं," ती म्हणाली.

आणि जास्त आले तर काय, ते तिने म्हटलं नाही, साहेबांनी विचारलंही नाही. त्यांनी चष्मा परत घातला.

"लाव. पण दोन लाव. दोन्ही जुळले तरच मला सांग."

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा ओट्यावर तात्या बसले होते. हैबतराव, आबांचे धाकटे भाऊ. त्यांच्या सुंदराचं लग्न माघात धरलं होतं. आई उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून.

"वैनी, किती दिस आसं काढायचं?" तात्या म्हणत होते. "कपाळाला कुंकू हाय, आन् दारात मानूस न्हाई. लोक मला इचारत्यात, हैबती, घरात सुतक हाय का न्हाई? काय सांगू? भटजी म्हनले, द्येह न्हाई तर दर्भाचा पुतळा करायचा, पळसाची पानं लावायची, त्येला अग्नी द्यायचा. अमुशाला करू म्हनले."

आईने पदर सारखा केला.

"त्यो माजा भाऊ व्हता, वैनी. माज्या हातानं गवत पेटवायला मला का बरं वाटतंय?"

"मला नगा इचारू, भावजी," आई म्हणाली. "जयीला इचारा. ती शिकल्याली हाय. ती म्हनल तसं."

तात्यांनी जयाकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते. अमावस्येला आठ दिवस राहिले होते.

"चार दिवस थांबा, तात्या."

"चार दिसांनी काय व्हनार हाय?"

"कामावरचं एक काम आहे. ते झालं की सांगते."

"कामावरचं," तात्या उठत म्हणाले. "बापानं गवत कापायचं आन् पोरीनं जाळायचं, लई कामाचं काम!" पण ओट्याच्या पायरीवर थांबून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग गेले.

जेवताना आईने विचारलं, "आज गाडीवर काय आलं का गं?"

"नेहमीचंच," जया म्हणाली. पिशवीचं घरी बोलायचं नाही, आकडा हातात येईपर्यंत कुणालाच काही सांगायचं नाही, हे तिने येताना वाटेतच ठरवलं होतं. आईने मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा ताटात तसाच फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी जयाने गवत दळलं, चाळलं, ईथरने धुऊन त्यातला तेलाचा अंश काढला. काचेच्या पेटीतल्या तराजूवर दोन ग्रॅम एकदा, दोन ग्रॅम दुसऱ्यांदा. दोन चंबू. दोन्हींत पातळ गंधकाम्ल ओतून तिने ते स्टोव्हवर चढवले आणि घड्याळ लावलं. अर्धा तास उकळायचं, पाणी आटू द्यायचं नाही.

हे काम तिने शेकडो वेळा केलं होतं. उकळत्या आम्लाचा आवाज तिच्या कानांना नवा नव्हता. आज मात्र एका चंबूतला बुडबुडा थांबून थांबून फुटत होता, कुणीतरी दाराबाहेर येऊन, आत यावं की नाही म्हणून हलकेच खाकरावं तसा. तिने दोनदा मागे वळून पाहिलं. दारात ऊन पडलेलं होतं. वास मात्र उन्हात वाळलेल्या गवताचा नव्हता. ओल्या घोंगडीचा होता. जून गवताला हा वास कधी आला नव्हता.

मलमलीच्या फडक्यातून तिने ते गाळलं, गरम पाण्याने धूत राहिली, लिटमसचा निळा कागद निळाच राहीपर्यंत. मग पातळ कॉस्टिकमध्ये पुन्हा अर्धा तास. पुन्हा गाळलं, पुन्हा धुतलं. आम्लात जायचं ते आम्लात गेलं, क्षारात जायचं ते क्षारात. गवताचा रंग गेला, रस गेला, वास गेला. फडक्यावर उरलं ते फिकट, मऊ, पांढरं. म्हाताऱ्या माणसाच्या छातीवरच्या केसांसारखं. तिने ते चिनी मातीच्या दोन मुशींत भरलं आणि सुकवायच्या पेटीत ठेवलं.

पहिल्या वर्षी आबा एकदा इथेच, या स्टुलावर बसले होते. बराच वेळ तिचं काम बघून म्हणाले होते, "जये, मी दिल्यालं गवात तू उकाळतीस, धुतीस, वाळवतीस. मंग आता ह्या भट्टीत घालून जाळतीस. मंग मोजतीस काय?"

"आधी मूस मोजायची, आबा. मग जाळायचं. मग परत मोजायची. जेवढं कमी भरलं तेवढा तंतू."

"म्हंजी जे ग्येलं त्ये?"

"जे गेलं ते."

ते हसले होते. "बरंय. जाळल्याबिगर कळायचंच न्हाई म्हना की, किती व्हतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने सुकलेल्या मुशी थंड करून तोलल्या, भट्टीत ठेवल्या. दार लावलं. दाराच्या भोकातून आतला लाल उजेड दिसत होता. एरवी ती या वेळात काचसामान धुऊन घेई. आज ती भट्टीसमोर बसून राहिली. दुपारी दार उघडलं तेव्हा दोन्ही मुशींच्या तळाशी चिमूटभर राख होती. थंड होईपर्यंत तिने तिकडे पाहिलं नाही. मग तोलल्या, आकडे मांडले, वजाबाकी केली.

एकीत अडतीस पूर्णांक चार. दुसरीत अडतीस पूर्णांक सात.

तिने वजाबाकी पुन्हा केली. मग कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब आकड्याकडे इतका वेळ बघत राहिले की तिला वाटलं, त्यांना तो वाचता येत नाहीये.

"पावसात भिजलं असेल तर थोडं धुपून आकडा चढतो," ते शेवटी म्हणाले.

"नऊने?"

"नाही. नऊने नाही." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "मार्गशीर्ष उजाडल्यानंतर कापलेलं आहे हे. तू घरी जा आज."

वाटेत ती जवळजवळ पळत होती. काय म्हणायचं ते वाक्य तिने तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं. आई, आबा भादव्यात गेले नाहीत. आई, मार्गशीर्षात आबांच्या हातात विळा होता. वाडीच्या टोकाला आल्यावर तिला धाप लागली, तशी ती थांबली, पदराने तोंड पुसलं आणि हळू चालत अंगणात शिरली.

आई उन्हात बसली होती. लुगड्याचा काठ मांडीवर घेऊन त्यातली कुसळं वेचत होती. काठ नुसता भरून गेला होता. तिने वेचलेली कुसळं शेजारी फरशीवर एका ढिगात ठेवली होती, आणि ती एकमेकांत पिळून हळूहळू हलत होती.

जया समोर बसली. आईच्या हातांवर, मनगटापर्यंत, गवताच्या पात्याचे बारीक लाल चरे होते. काही सुकलेले.

"कुठे गेली होतीस?"

"मागल्या टेकाडावर. सर्पनाला."

सरपण ओट्याखाली गच्च रचलेलं होतं. महिनाभर पुरलं असतं.

जयाने काठाचं दुसरं टोक हातात घेतलं आणि तीही वेचू लागली. गवत कधी कापलं ते तंतू सांगतो. कुणी कापलं ते नाही. अकरा गाठी कोणत्याही गवतावर मारता येतात. केंद्राच्या शिक्क्याच्या दोन पिशव्या घरातच, कोनाड्यात असायच्या. शेंडे खुडायचं आईला कसं सुचलं, असं तिच्या मनात क्षणभर आलं; पण आबा शेंडे खुडत ते याच ओट्यावर बसून. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला तेवढं माहीत असणारच.

"आई," ती म्हणाली, "पिशवी पोचली."

आईचा हात थांबला.

"पोचली व्हय?"

"पोचली."

"मंग? घातलीस तुज्या त्या भट्टीत?"

"घातली."

"काय म्हनली?"

"आत्ताचं गवत आहे म्हणाली."

आईने हातातलं कुसळ ढिगावर ठेवलं. "मला वाटलं, तुला कळायचं न्हाई," ती म्हणाली. "वाटलं, तू म्हनशील हाय कुटंतरी. मंग भावजी थांबत्याल. सुंदराचं लगीन तेवडं होऊ द्यावं, मंग पुडलं पुडं." तिने नाकाला पदर लावला. "येक डाव वाटलं, कापता कापता, की मागं हायेत उभं. म्हनायचं व्हतं, आवं, हिकडून कापू का तिकडून? वळून बगितलं तर नुसतं गवात."

"तात्यांना काय सांगू?"

"आता मी काय बोलू? चोरी धरलीस माजी."

शेवटचं कुसळ निघेपर्यंत दोघी वेचत राहिल्या. मग जया उठून तात्यांकडे गेली आणि अमावस्येला करा म्हणून सांगून आली.

पुतळा तात्यांनी स्वतः बांधला. दर्भाच्या जुड्या, हातापायांना पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. ओढ्याच्या काठी लाकडांवर ठेवला तेव्हा तो एखाद्या निजलेल्या मुलाएवढा दिसत होता. आबा उंच होते. भटजींनी नाव विचारलं, तात्यांनी सांगितलं, कोंडिबा. काडी दुसऱ्यांदा ओढावी लागली.

गवत पेटायला वेळ लागत नाही. जया थोड्या अंतरावर, बायकांच्या पुढे उभी होती. आच चढली तसा पुतळ्याचा उजवा हात कोपरातून वाकला, सावकाश वर उठला, आणि वर उठलेलाच जळाला. मागे कुणीतरी "बाई गं" म्हणालं.

"दर्भ आकसतो," भटजी म्हणाले.

उरली ती ओंजळभर राख. ती ओढ्यात सोडताना जयाला वाटलं, आधी तोलून घ्यायला हवं होतं.

घरी आल्यावर गोजराबाई आत्या आईला माजघरात घेऊन गेली. काकणं फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आई बाहेर आली ती जयाकडे न बघता चुलीपाशी जाऊन बसली. कुंकवाच्या जागी कपाळावर फिकट गोल वळ राहिला होता, चाळीस वर्षं ऊन न लागलेला.

तेराव्यानंतर जया कामावर गेली. टेबलावर चौदा दिवसांच्या पिशव्या रांगेने ठेवलेल्या होत्या, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांसकट. अकरा गाठींची रिकामी पिशवी खुंटीला होती. रिकामी पिशवी परत पाठवायची रीत, पण ती कुठे पाठवायची हे कुणाला सुचलं नसावं. तिने पहिली चिठ्ठी वाचली, रजिस्टर उघडलं. तेवढ्यात भिकू आला.

"ताई, ही येक न्यारीच हाय," तो म्हणाला. "भागूबाई धनगरीन भेटली स्टँडवर, तिनं दिली. लई वरमली व्हती. म्हनली, कोंडिबाच्या मालकिनीनं दिल्याली, अमुशाच्या आदी धा-बारा दिस, गाडीवर टाक म्हनून. ही मेंढरं घिऊन नेऱ्याकडं ग्येली आन् इसरली. आज परतली."

पिशवी आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची होती. हाताने शिवलेली, टाके लांब लांब. तोंडाला सुतळी.

जयाने गाठी मोजल्या. मोजायला वेळ लागला नाही. चार होत्या. चौथा तुकडा घराच्या मागल्या टेकाडावर होता. आईने जिथलं कापलं तिथल्याच गाठी मारल्या होत्या.

तिने सुतळी कापली आणि आत हात घातला. हात झटकन बाहेर आला. कुसळ बोटाच्या पेरात उभं होतं. तिने पिशवी कागदावर उलटी केली. लांबच्या लांब काड्या, मुळापासून ओरबाडलेल्या, बुडख्यांना तांबडी माती. आणि शेंडे, सगळेच्या सगळे शेंडे, एकमेकांत गुंतून एकच गुंता झालेले.

"बोटाला रगात आलंय, ताई."

"भिकू, त्या दिवशीची पिशवी. अकरा गाठींची."

"जांभळावरची?"

"जांभळावरचीच होती ती? नक्की?"

"म्या ह्या हातानं काढली की."

"आधी दोन दिवस होती तिथे? चार दिवस?"

"आदल्या दिशी न्हवती," भिकू म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आदल्या दिशी फांदी मोकळी व्हती. माजी नजर जातीच तितं. रोज जाती."

जयाने कुसळ उपटून काढलं. पेरावर रक्ताचा थेंब आला, फुगला आणि तिथेच थांबला. ती उठली. खुंटीवरची पिशवी तिने खाली घेतली. तिचं बूड चाचपून पाहिलं. तीन आठवडे भिंतीला, उन्हासमोर असूनही ते वाळलं नव्हतं. ड्रॉवरमधून तिने हातभर नवी सुतळी कापली, घडी केली आणि पिशवीत ठेवली. कोरी.

"ही कुनाला द्यायची?" भिकूने विचारलं.

"द्यायची नाही. टांगायची."

भिकूने तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. पिशवी रिकामी होती, तरी त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.